मुळी कोणाची, हे तिचा आडवा छेद सांगतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधी वनस्पतींतील भेसळीविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून बातम्या आणि वाचकांची पत्रे येतात. शासनाने लक्ष घालावे, दोषींवर कारवाई व्हावी, ग्राहकांनी सावध राहावे अशा मागण्या त्यांत असतात आणि त्या रास्तच आहेत. परंतु समोर आलेली मुळी किंवा खोडाचा तुकडा नेमका कोणत्या वनस्पतीचा आहे, हे ठरवायचे कसे आणि कोणी, याची चर्चा क्वचितच होते. सातारा येथे अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवत आलेली एक शिक्षिका या नात्याने त्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे. एकाच प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या नात्याच्या जातींच्या एकाच गटातल्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळदा खोडाच्या किंवा मुळाच्या आडव्या छेदावरून वेगळ्या ओळखता येतात. हे काम आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही करता येण्याजोगे आहे. आणि सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी त्यासाठी स्थानिक वनस्पतींच्या स्लाइडचे संदर्भसंच तयार करून ते सर्वांना खुले करावेत, अशी माझी विनंती आहे.

वनस्पती ओळखायची म्हणजे फूल पाहायचे, अशी आपली सर्वांची सवय आहे आणि वर्गीकरणशास्त्राचा पायाही मुख्यतः फुलावर रचलेला आहे. पण फूल आपल्या सोयीने येत नाही. कासच्या पठारावर पावसाळा सरता सरता जे काही फुलते ते थोड्याच आठवड्यांत संपते आणि मग वर्षातला उरलेला बहुतेक काळ त्या वनस्पती कंद, मुळे किंवा बियांच्या रूपात जमिनीत राहतात. कारवी साधारणपणे सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या काळात तिच्या प्रजातीतल्या इतर झुडपांपासून ती वेगळी ओळखायची तर फुलाची वाट पाहून चालत नाही. औषधी मालाची अडचण याहून मोठी आहे. सफेद मुसळी पाने पिवळी पडून वाळल्यावरच खणतात, गुळवेलीची पाने उन्हाळ्याच्या सुमारास गळून जातात आणि काष्ठौषधीच्या दुकानात पोहोचेपर्यंत जवळपास प्रत्येक वनस्पतीचे पान, फूल, फळ हरवलेले असते. गोणीत उरतात ते वाळलेल्या मुळ्यांचे आणि खोडांचे तुकडे. त्यांना ओळखायचे तर त्यांच्यात जे शिल्लक आहे तेच वाचावे लागणार, आणि त्यांच्यात शिल्लक असते ती आतली रचना.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सर्पगंधेचे आहे. रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात या मुळीला मानाचे स्थान आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या वापराविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले, पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. त्यानंतर तिची मागणी एवढी वाढली की रानातली सर्पगंधा झपाट्याने कमी झाली, आणि आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे निर्बंध आहेत. माल कमी आणि मागणी जास्त असली की त्याच प्रजातीतली दुसरी जाती तिच्या जागी येऊन बसते. मूळची अमेरिकेतील, पण आपल्याकडे बागांतून बाहेर पडून रिकाम्या जागी वाढणारी मोठी सर्पगंधा, म्हणजे रौवोल्फिया टेट्राफायला, ही अशीच एक. जिवंत झाड समोर असेल तर ओळखणे अवघड नाही: खऱ्या सर्पगंधेचे झुडूप बुटके, तिची पाने बहुधा तीन-तीनच्या वर्तुळात आणि फुलांचे देठ लालसर, मोठीची पाने चार-चारच्या वर्तुळात, त्यांतही लहानमोठी, आणि फुले बारीक पांढरट. मुळ्या खणून, वाळवून, तुकडे करून एकत्र ओतल्यावर मात्र यांतले काहीच हाती राहत नाही. रंग दोन्हींचा मातकट आणि चव दोन्हींची कडू.

आता छेदाकडे वळू. वाळकी मुळी पाण्यात थोडी उकळून मऊ करावी, गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात उभी धरावी आणि नव्या ब्लेडने आपल्याकडे ओढत पातळ काप काढत जावेत. वॉच ग्लासमधील पाण्यात तरंगणाऱ्या कापांतून सर्वांत पातळ, जवळजवळ पारदर्शक असा एक ब्रशने उचलून स्लाइडवर घ्यावा, त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल या रसायनाचा थेंब आणि थोड्या वेळाने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडावा. ज्या पेशींच्या भिंतींत लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, असते त्या काही क्षणांत गुलाबी-लाल होतात. मुळीच्या मध्यभागी असलेले काष्ठ दोन्ही जातींत लाल होते. तेथे फरक शोधायचा नाही. फरक आहे तो काष्ठाच्या बाहेरच्या सालीत. खऱ्या सर्पगंधेच्या सालीत जाड भिंतीच्या अश्मपेशी नसतात आणि तंतूही नसतात, त्यामुळे काष्ठ आणि बाहेरचे बूच यांच्यामधला तो सगळा पट्टा पिष्टकणांनी भरलेला पण रंगहीन राहतो. मोठ्या सर्पगंधेच्या सालीत अश्मपेशींचे पुंजके असतात आणि रंग चढताच ते त्या फिकट पट्ट्यात ठळकपणे उठून दिसतात. बुचाकडे पाहिले तर दुसरी खूण मिळते: खऱ्या सर्पगंधेच्या बुचात लहान पेशींचे आणि मोठ्या पेशींचे थर आलटून पालटून येतात, तर मोठीचे बूच एकसारख्या पेशींचे असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी हे पाहू शकतो. माझ्या वर्गात ज्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातली आकृती नीट लक्षात राहत नसे, त्यांनाही हा रंगाचा फरक एकदा पाहिल्यावर पुन्हा सांगावा लागला नाही.

सर्पगंधेच्या प्रजातीतल्या, पश्चिम घाटात आढळणाऱ्या दुसऱ्या जातींच्या मुळांतही अशा दृढ, म्हणजे जाड भिंतीच्या कठीण पेशी असतात. म्हणजे सालीत अश्मपेशी दिसल्या की ती मुळी खऱ्या सर्पगंधेची नाही एवढे खात्रीने म्हणता येते, आणि खरेदी करणाऱ्या वैद्याला किंवा कारखान्याला बहुतेक वेळा एवढेच उत्तर हवे असते. ती नेमकी कोणाची हा पुढचा प्रश्न झाला.

हे सगळे आता डीएनए तपासून कळते, मग ब्लेड घेऊन बसण्याची गरज काय, असे कोणी विचारील. डीएनए चाचणीचा मी आदर करते. जेथे छेद गप्प राहतो तेथे ती बोलते. पण तिला एक गोष्ट कधीच सांगता येत नाही, आणि औषधी मालाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. एकाच झाडाच्या मुळात आणि खोडात डीएनए तोच असतो. सर्पगंधेच्या मुळ्यांत तिच्याच खोडाचे तुकडे मिसळले, तर डीएनए चाचणी ‘सर्पगंधा’ असेच उत्तर देईल आणि ते चूकही नसेल; पण खोडात औषधी द्रव्ये मुळापेक्षा पुष्कळ कमी असतात, म्हणून रुग्णाच्या दृष्टीने तो माल फसवाच ठरतो. छेद घेतला तर खोडाच्या मध्यभागी भेंड, म्हणजे मऊ पेशींचा गाभा, दिसते, मुळाच्या मध्यभागी भरीव काष्ठ असते. तेवढ्याने निकाल लागतो.

दशमुळांत, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या मिश्रणातही, हाच प्रश्न आहे. रिंगणी आणि डोरली या दोन्ही वांग्याच्या प्रजातीतल्या. दोन्हींची मुळे वापरायची, असे शास्त्र सांगते. परंतु मुळे खणण्यापेक्षा अख्खे झुडूप उपटून तुकडे करणे सोपे असल्यामुळे मालात खोडे येतात. वांग्याच्या कुळातल्या वनस्पतींच्या खोडात एक विशेष असा आहे की, अन्नरस वाहून नेणारी परिकाष्ठाची ऊती काष्ठाच्या बाहेर तर असतेच, पण काष्ठाच्या आतल्या अंगाला, भेंडाच्या कडेलाही असते. मुळात ती आतली परिकाष्ठ नसते. म्हणून दशमुळाच्या पुड्यातला काटकीसारखा तुकडा मूळ आहे की खोड, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाच-दहा मिनिटांत मिळते आणि त्याला लागते एक ब्लेड. आयुर्वेदिक औषधींच्या शासकीय संहितेत प्रत्येक द्रव्याच्या बाह्य वर्णनाबरोबर सूक्ष्मदर्शकीय वर्णन दिलेले असते, ते याच कारणाने. नियम आहे, तो वाचून मालावर लावणारे हात कमी पडतात.

गुळवेलीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील, कारण करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला आणि मिळेल तेथून मिळेल ती वेल आणली गेली. त्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींची चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने स्पष्टीकरण दिले की, गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित आहे, परंतु तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती अपायकारक ठरू शकते. मंत्रालयाने त्या वेळी दोन्हींतील फरकही सांगितले होते, त्यांत क्रिस्पाच्या करड्या खोडावरील उंचवटे हा एक ठळक फरक होता. पण गुळवेलीच्या जुन्या खोडावरही श्वसनरंध्रांचे गोल, उठावदार ठिपके येतात आणि वयाबरोबर ते वाढत जातात. कोवळी क्रिस्पा आणि जून गुळवेल शेजारी ठेवली तर निव्वळ उंचवट्यांवरून गोंधळ होऊ शकतो. त्यातच पश्चिम घाटात पानांच्या खालच्या बाजूला लव असणारी आणखी एक गुळवेल आहे, तिचीही वेल वाळल्यावर वेगळी वाटत नाही.

गुळवेलीचे खोड आडवे कापून साध्या भिंगातून पाहिले तरी बैलगाडीच्या चाकासारखी आकृती दिसते: मधल्या भेंडापासून बाहेर रुंद होत जाणारे पाचरीच्या आकाराचे काष्ठाचे पट्टे आणि दोन पट्ट्यांमध्ये मऊ पेशींचे रुंद किरण. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पट्ट्याच्या डोक्यावर परिकाष्ठाचा पुंजका आणि त्याच्याही बाहेर दृढ तंतूंची कमान दिसते. बाहेरचे बूच पातळ, कागदासारखे सुटणारे, आणि ताज्या वेलीवर ते खरवडले की खाली हिरवा थर. ही रचना दिसली नाही तर ती वेल गुळवेल नव्हे, हे ठामपणे सांगता येते, आणि गुळवेल म्हणून जे काही विकले जाते त्यातला बराच संशय तेथेच मिटू शकतो. मात्र चाक दिसले म्हणून ती कॉर्डिफोलियाच, असे म्हणता येत नाही, कारण तिच्या सख्ख्या बहिणींच्या खोडातही चाकच असते. पुढचा निर्णय घ्यायला आपल्याकडे त्याच जाडीच्या, त्याच वयाच्या, ओळख पटलेल्या वेलींचे छेद शेजारी ठेवून तुलना करण्याची सोय हवी. बुचाचे थर, श्वसनरंध्रांची ठेवण, तंतूंच्या कमानीची अखंडता अशा गोष्टी एकेकट्या नव्हे तर एकत्र पाहाव्या लागतात. ही तुलनेची सोयच आपल्या भागात नाही. कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीला आपल्याकडे अधिक मोल देतात. ती लिंबावरची होती की बाभळीवरची, हे काही छेदावरून सांगता यायचे नाही.

सफेद मुसळीच्या बाबतीत ब्लेड हातात घेण्यापूर्वीच मुळांची ठेवण बरेच सांगून जाते. क्लोरोफायटम बोरिव्हिलिअनम ही जाती मुंबईजवळच्या बोरिवलीवरून नाव मिळालेली. तिची जाडसर मुळे खोडाच्या बुडातूनच झुबक्याने निघतात आणि टोकाकडे निमुळती होत जातात. तिचीच बहीण क्लोरोफायटम ट्यूबरोसम हिच्या मुळ्या आधी बारीक दोऱ्याएवढ्या असतात आणि टोकाशी फुगून गाठी होतात. ओली रोपे हातात घेतली तर शेतकऱ्यालाही हा फरक दाखवता येतो. पण मुसळी सोलून वाळवतात, झुबका मोडतो, सालीबरोबर बाहेरचे थर जातात आणि पांढऱ्या कांड्या उरतात. मग त्यांत सोललेल्या शतावरीच्या मुळ्याही मिसळल्या तर चटकन लक्षात येत नाही. अशा वेळी पाणी व अन्नरस नेणाऱ्या वाहक ऊतींचे आतले कडे, त्याला वेढणाऱ्या अंतस्त्वचेच्या भिंतींची जाडी, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या आणि दृढ पेशींची जागा यांचा एकत्रित विचार करावा लागतो. सोलल्यानंतरही हे सारे शिल्लक राहते, म्हणूनच त्याचा उपयोग.

सांगली जिल्ह्यातील मित्रांसाठी त्यांच्या बागेतलेच एक उदाहरण देते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. त्यांतली एक काडी डोळ्यापाशी, म्हणजे जेथून कोंब फुटतो तेथे, उभी चिरून पाहावी. पेराच्या मधले तपकिरी भेंड डोळ्यापाशी एका आडव्या कठीण पडद्याने तोडलेले दिसेल. आपल्या द्राक्षात आणि खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक अमेरिकी जातींत हा पडदा असतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील मस्कडाइन द्राक्षात मात्र तो नसतो. तेथे भेंड एका पेरातून दुसऱ्या पेरात अखंड जाते, आणि त्या गटाची साल धाग्यांसारखी सुटतही नाही. पुढे गुणसूत्रे मोजली गेली तेव्हा एका गटात ३८ आणि दुसऱ्यात ४० निघाली, म्हणजे काडीतल्या पडद्याने दाखवलेली फूट खोलवरची होती. पानगळीनंतरही टिकणारी, साध्या डोळ्यांना दिसणारी ही खूण शिकवायला तासगाव-मिरजेच्या महाविद्यालयांना पैसा लागत नाही.

याच उदाहरणात छेदाची मर्यादाही आहे आणि ती लपवून ठेवणे योग्य नव्हे. थॉमसन सीडलेस आणि त्याच्यातूनच तासगाव परिसरात निवडला गेलेला तास-ए-गणेश हे वाण खोडाच्या छेदावरून वेगळे करता येणार नाहीत. एकाच जातीच्या वाणांत आतली रचना तेवढी बदलत नाही. सांगलीची ओळख असलेल्या हळदीचेही तसेच आहे. हळद, आंबेहळद, कचोरा आणि रानहळद या एकाच प्रजातीतल्या, त्यांचे कंद म्हणजे जमिनीखालची खोडेच, आणि चारही कंदांत बाहेरचा पट्टा व आतला गाभा यांना वेगळे करणारे कडे, विखुरलेले वाहक वृंद आणि तेलाच्या पेशी अशी सारखीच मांडणी असते. तेथे छेदाच्या जोडीला रंग, वास, पिष्टकणांचा आकार आणि रासायनिक चाचणी घ्यावीच लागते.

शिवाय छेद वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. कोवळ्या मुळाची तुलना जुन्या मुळाशी करू नये, कारण दुय्यम वाढ, म्हणजे जाडीतली वाढ, सुरू झाली की सुरुवातीची रचना पार बदलते. खोडाचा छेद नेहमी पेराच्या मध्यावर घ्यावा, डोळ्यापाशी घेऊ नये. तेथे पानाकडे जाणाऱ्या वाहिन्यांमुळे चित्र विस्कटते. चिखलात वाढलेल्या झाडाच्या मुळात हवेच्या पोकळ्या वाढतात, कोरड्या माळावर वाढलेल्याच्या काष्ठवाहिन्या अरुंद होऊ शकतात, आणि मुळातले पिष्ट तर ऋतूप्रमाणे भरते व रिते होते. म्हणून वाहिनीची रुंदी किंवा थरांची संख्या अशा मोजण्याच्या गोष्टींवर मी विद्यार्थ्यांना एकट्याने विसंबू देत नाही. अश्मपेशी आहेत की नाहीत, स्फटिक सुईसारखे की पुंजक्याचे, भेंड आहे की नाही, आतली परिकाष्ठ आहे की नाही, अशा असण्या-नसण्याच्या खुणा अधिक भरवशाच्या असतात. त्याही एका तुकड्यावरून ठरवू नयेत. गोणीच्या वरून, मधून आणि तळातून तुकडे घ्यावेत.

एवढे सगळे आपल्याकडे शिकवले जाते, मग अडते कोठे? गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी स्वतः छेद घेण्याऐवजी पेटीत आलेल्या तयार स्लाइड पाहून आकृत्या काढतात. त्या स्लाइड सुबक असतात, पण त्यांतली वनस्पती बहुधा सूर्यफूल, मका नाहीतर भोपळ्याचा वेल असते. आपल्या डोंगरातली एकही नसते. विद्यार्थ्याला द्विदल खोड आणि एकदल खोड यांतला फरक येतो, परंतु एकाच प्रजातीच्या दोन जातींच्या खोडांत फरक असू शकतो हे त्याच्या कानावरही पडत नाही. छेद घेणे ही हाताची विद्या आहे आणि हाताची विद्या वापरली नाही की ती पुढच्या पिढीकडे जात नाही. प्रात्यक्षिकाचे तास, ब्लेडने बोट कापण्याची भीती, वाढलेली विद्यार्थिसंख्या या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यांतून मी स्वतः गेले आहे. तरीही रौवोल्फियाची साल रंगवून पाहण्याइतके दुसरे काहीही मुलांना या विषयाकडे ओढून आणताना मी पाहिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वनस्पतिशास्त्र विभागांनी कामाची वाटणी करून घ्यावी. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील थोड्याच, पण व्यापारात ज्यांची अदलाबदल होते अशा प्रजाती निवडाव्यात: कोणी गुळवेलीच्या जाती घ्याव्यात, कोणी मुसळी आणि शतावरी, कोणी दशमुळातली लहान पाच. प्रत्येक स्लाइडमागे त्याच झाडाचा फुलासहित दाबून वाळवलेला नमुना असलाच पाहिजे आणि दोन्हींवर एकच क्रमांक हवा. हा नमुना नसेल तर ती स्लाइड कोणाची हे दहा वर्षांनी कोणालाही सिद्ध करता येणार नाही आणि सारी मेहनत वाया जाईल. स्लाइडवर झाडाचा भाग, जाडी, गोळा केल्याचा महिना आणि ठिकाण लिहावे. खोड आणि मूळ दोन्हींचे छेद, शिवाय वाळवलेल्या भागाची पूड, असा संच असावा, कारण बाजारात माल पुडीच्या रूपातही येतो आणि पुडीत फक्त सुट्या पेशी, तंतूंचे तुकडे आणि स्फटिक उरतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम सहज होण्यासारखे आहे. आजही प्रकल्प होतात, पण ते बांधणी करून कपाटात जातात.

जी वनस्पती दुर्मीळ आहे तिची मुळे या कामासाठी रानातून खणू नयेत. सर्पगंधा लागवडीतून मिळते, तीच घ्यावी. संरक्षित क्षेत्रातून काही हवे असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी.

संच तयार झाल्यावर तो कुलुपात ठेवू नये. आठवड्यातला एक दिवस ठरवून वैद्य, काष्ठौषधीचे दुकानदार, मुळ्या गोळा करणारे लोक आणि अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक यांना आपला नमुना घेऊन येता यावे आणि शेजारी खरा छेद ठेवून पाहता यावा. मुळ्या गोळा करणाऱ्यांना मी मुद्दाम या यादीत घेते, कारण भेसळीचा दोष शेवटी त्यांच्या माथी मारला जातो. जावळीच्या खोऱ्यातल्या एका जाणत्या माणसाशी माझे या विषयावर बोलणे झाले होते. ते म्हणाले, “मॅडम, पाला असला तर मी लांबनं सांगतो कुठली हाय ती. पण वाळून गोणीत आली की मलाबी चावून बघावं लागतं.” अनोळखी मुळी चावून पाहणे धोक्याचे आहे, हे त्यांनाही ठाऊक होते, दुसरा उपाय त्यांच्याजवळ नव्हता. रानातली त्यांची नजर आमच्या पदवीधरांपेक्षा कितीतरी तयार असते आणि संदर्भसंचासाठी ताजी, ओळख पटलेली झाडे दाखवणारे लोकही तेच असतील. या कामाचे योग्य मानधन त्यांना मिळावे आणि नमुन्याच्या नोंदीत, त्यांची संमती असल्यास, त्यांचे नाव लिहावे.

खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. सूक्ष्मदर्शक प्रत्येक विभागात आहेत. ब्लेड, सॅफ्रनिन हा रंग, ग्लिसरीन, काचपट्ट्या हे नेहमीचे सामान आहे. फ्लोरोग्लुसिनॉल थोडे महाग पडते, पण थेंबांनी वापरायचे असल्याने एक लहान बाटली पुष्कळ पुरते, आणि आम्ल वापरताना खिडकी उघडी ठेवण्याची व सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला वाफ लागू न देण्याची काळजी घेतली की झाले. ज्या विभागाकडे सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा आहे त्यांनी छायाचित्रे काढून ती इतरांना द्यावीत, म्हणजे एका महाविद्यालयातला छेद दुसऱ्या तालुक्यात पाहता येईल.

हे काम सुरू करायला पावसाळा हाच योग्य काळ आहे. जून ते ऑक्टोबर या काळात बहुतेक वनस्पती पानाफुलांवर असतात, त्यामुळे ओळख निश्चित करून नमुना दाबता येतो आणि त्या झाडाला खुणेची चिठ्ठी बांधून ठेवता येते. नंतर हिवाळ्यात, मुळ्या भरल्यावर, त्याच खुणेच्या झाडाची मुळी आणि खोड घेऊन छेद करता येतात. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने येत्या सत्राच्या प्रात्यक्षिकांत ‘एका प्रजातीतील दोन जातींच्या मुळांची किंवा खोडांची तुलना’ असे एक प्रात्यक्षिक घातले, तर पहिल्याच वर्षी प्रत्येक विभागाकडे आपल्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या छेदांचा लहानसा संच तयार होईल. संबंधित प्राध्यापकांनी याविषयी आपले मत आपल्या दैनिकातून जरूर कळवावे, ही विनंती.

आपली,
एक वनस्पतिशास्त्र शिक्षिका,
सातारा